पहिली पाटी

गाव बोलायचं बंद झालं की आधी कान दुखतात, हे हौसाला वाळीत पडल्यावर कळलं. विहिरीवर ती पोचली की बायकांच्या गप्पा थांबत आणि ती हंडा घेऊन वळली की पुन्हा सुरू होत. त्यापेक्षा भांडण परवडलं असतं. भांडणात निदान नाव तरी घेतात. इथं तेही नाही. या घराशी कोणी बोलताना सापडला तर दंड आणि वर देवळासमोर नाक घासायचं, असा गावकीचा ठराव होता. तेव्हापासून पनवेलच्या खाडीकाठच्या त्या अख्ख्या गावानं तीन माणसांपुरती तोंडात मिठाची गुळणी धरली होती. शिवा, त्याची बायको हौसा आणि शिवाची विधवा आई गुणाबाई.

कारण रविवारची प्रार्थना.

हौसाला टीबी झाला होता. चार वर्षं झाली त्याला. तेव्हा गावात तिचा कप वेगळा झाला. हळदीला गेली तर पत्रावळ तिला लांबून सरकवत. पनवेलच्या एका लहानशा ख्रिस्ती संस्थेचा कमळाकर गोळ्या घेऊन यायचा, गोळी गिळेपर्यंत समोर बसायचा आणि मग तिच्या हातचा चहा तिच्याच कपातून प्यायचा. गाव म्हणतं गोळ्यांच्या लालचीनं बाटली. गोळ्या सरकारी होत्या आणि फुकटच होत्या. हौसानं येशूचं नाव घेतलं ते त्या कपामुळे. पण कपाची गोष्ट गावकीला सांगणार कशी आणि सांगितली तरी ती ऐकणार कोण?

ती बरी झाली. मग रविवारी पडवीत प्रार्थना सुरू झाली. ती, शिवा आणि गावकीबाहेरच्या वरच्या वाडीतली दोन-तीन माणसं. गुणाबाई तेवढा वेळ आपल्या देव्हाऱ्याकडे तोंड करून बसायची, पण शेवटी चहा तीच टाकायची. गावानं पोलिसांत अर्ज दिला. कमळाकरला उचलून नेलं, एक रात्र बसवून ठेवलं, त्याच्यावर केस घातली. शिवाच्या हातात नोटीस आली की पडवीत प्रार्थना करायची नाही. मग संस्थेनं शिवा-हौसाला सोबत घेऊन पनवेलच्या कोर्टात दावा लावला, की घरात प्रार्थना करायला कोणी आडवं येऊ नये आणि गावानं वाळीत टाकू नये. त्यावर गावकीचा पंच बुधाजी यानं शपथेवर लिहून दिलं, की आमच्या गावात कोणालाच वाळीत टाकलेलं नाही. आम्ही सगळे त्यांच्याशी बोलतो.

हे ऐकून गुणाबाई बराच वेळ हसत होती. मग तिला खोकला लागला आणि मग ती रडली.

त्या पावसात लावणी दोघांनीच केली. बाकी खारात, म्हणजे बांधाआडच्या भातजमिनीत, बायकांच्या रांगा वाकलेल्या, गाणी चाललेली, आणि खाडीच्या अगदी कडेच्या तुकड्यात ही दोघं. हौसाच्या पायांना चिखल्या झाल्या होत्या. बोटांच्या बेचक्यांत मांस उघडं पडलेलं. छातीतून अजून शीळ वाजायची.

"जरा बांधावर टेक," शिवा म्हणायचा. "उरलेलं मी लावतो."

"तू लावशील नि रोपं म्हातारी होतील. बोलू नको, हात चालव."

"बोलू नको म्हनाया आता गावच हाय. तू तरी बोल."

तेवढ्यावर दोघं हसली. शेजारच्या शेतातल्या एका बाईलाही हसू आलं, तसं तिनं घाईनं पदर तोंडात कोंबला.

लावणी संपली तशी कोर्टाची तारीख जवळ आली. दोघं पनवेलला गेली. आधी बाजारात खलीलच्या दुकानात, कारण गावातल्या दुकानदारानं यांना मीठसुद्धा देणं बंद केलं होतं. खलीलनं नेहमीसारखं स्टूल पुढे केलं.

"बसा वहिनी. पाऊस कसा तुमच्याकडे? बांध सलामत हाय ना?"

पीठमीठ बांधून होईपर्यंत तो बोलत राहिला, आणि हौसा नुसती ऐकत बसली. गरज नसताना तिनं पावशेर चणेही घेतले. तेवढंच आणखी बोलणं.

कोर्टाजवळच्या ऑफिसात कमळाकर आधीच येऊन बसला होता. पोलिसांनी नेल्यापासून तो खांदे आत ओढून बसायचा. नीतामॅडम वकील होत्या, पनवेलच्याच, बोलायला भराभरा.

"हे बघा, सगळी केस एका गोष्टीवर उभी आहे. गाव तुमच्याशी बोलतं का? समोरचे म्हणतात बोलतं. आपण म्हणतो नाही. साक्षीदार तुम्ही दोघंच, गावातून तिसरा कोणी येणार नाही. वाळीत टाकलेलं सिद्ध झालं नाही, तर ते म्हणतील हे सगळं संस्थेनं रचलंय. मग कमळाकरभाऊंच्या केसलाही ते जड जाईल."

"खरं तेच सांगू," हौसा म्हणाली.

"खरंच सांगा. पण तारखेपर्यंत गावाच्या कुठल्याही कार्यात जाऊ नका. देऊळ, लग्न, काहीही. कोणीतरी मोबाईलवर फोटो काढेल आणि कोर्टात दाखवेल, बघा, हे तर आमच्यातच आहेत. प्लीज, तेवढं सांभाळा."

"आमाला बोलावतंय कोन!" शिवा म्हणाला.

कमळाकरनं जाताना हौसाला विचारलं, "ताई, छाती कशी हाय?" एवढंच. त्याला आत टाकलं तर त्याच्या घरी कोण बघणार, हे तो बोलला नाही. हौसाच्या मनात मात्र परतीच्या वाटेवर तेच घोळत राहिलं.

तारखेच्या आधी अमावास्या पडत होती. अमावास्येचं उधाण आणि वर तीन दिवसांची झड. दुपारच्या भरतीला समुद्राकडून वारा आला आणि खाडी अडवणाऱ्या खारबांधाला खांड पडली. आरडाओरडा ऐकून शिवा धावला. बांधाला बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलं होतं आणि खारं पाणी नुकत्याच लावलेल्या भातात घुसत होतं. नेमकं शिवाच्याच शेताच्या तोंडावर. शिवाचं शेत आधी, मग अख्खं खार.

ओहोटी लागली तशी गडी जमले. कुदळी, खुंट, पेंढ्याच्या जुड्या, चिखलाच्या पाट्या, सगळं आलं. खांड बुजवायची ती ओहोटी आहे तोवर. रात्रीची भरती आत आली तर सगळं खार गेलं, आणि एकदा मीठ बसलं की त्या जमिनीत वर्षानुवर्षं भात होत नाही. गाव उपाशी मरतं असं नाही, कंपन्यांत जाणारे आहेत. पण खार गेलं तर त्या गावाला गाव म्हणायचं कशावरून?

खुंट ठोकले, पेंढा दाबला. आणि सगळे थांबले.

कारण खांडीत चिखलाची पहिली पाटी टाकायची ती शिवाच्या घरच्या सवाष्णीनं. बांध पहिल्यांदा घातला तेव्हा तो टिकेना. शेवटी त्या घरच्या पोटुशा सुनेनं पाटी टाकली आणि बांध धरला, असं सांगतात. तेव्हापासून तो मान त्या घराचा. दुसऱ्या कोणी टाकायची नाही. बुधाजीच्या बापानं एकदा घाईघाईत टाकली होती. त्याच महिन्यात बुधाजीचा धाकटा भाऊ उघाडीच्या दारात अडकून बुडाला. उघाडी म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची बांधातली फळ्यांची झडप. बुधाजीनं स्वतः त्याला ओढून काढलं होतं. त्यामुळे आज बुधाजीच्या हातात पाटी होती, पण हात पुढे होत नव्हते.

गुणाबाई विधवा. राहिली हौसा. वाळीत टाकलेली, बाटलेली, आणि त्या घरची एकुलती एक सवाष्ण. ठराव करताना हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

हौसा बांधावर आली. हातात पाटी होती, चिखलानं भरलेली, कारण हे काम तिला येत होतं आणि पलीकडे तिचंच शेत होतं. माणसं बाजूला झाली. कोणी बोललं नाही. ती खांडीच्या काठाशी जाऊन उभी राहिली. खाली पाणी अजून घोट्याएवढं वाहत होतं. मागे कुणाचा तरी मोबाईल वर झालेला तिला दिसला. नीतामॅडमचं बोलणं तिला आठवलं.

"टाक ना," शिवा पुटपुटला.

ती टाकेना.

"हौसा, पानी वळंल. टाक."

"मना कोनी बोलावलंय?" ती मोठ्यानं म्हणाली. "मी आपली माजं शेत बघाया आले."

बुधाजीनं घसा खाकरला. तो खाडीकडे तोंड करून म्हणाला, "खाडीबाय, ज्याचा मान त्यानं करावा. आमी कोनाला अडवत नाय."

"खाडीशी बोलताव?" हौसा म्हणाली. "बोला. तिला मान द्या. ती टाकंल पाटी."

मागे कोणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. पाऊस सरळ कोसळत होता. बुधाजी मग शिवाच्या खांद्यावरून पलीकडे बघत बोलला, "घरच्या मानसानं सांगावं घरच्या बाईला."

शिवा पुढे झाला. हौसानं त्याच्याकडे नुसतं बघितलं, तसा तो जागच्या जागी थांबला. पाटी तिनं खाली ठेवली नाही. चिखलाचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. छातीत शीळ वाजत होती ती आता शेजारच्यालाही ऐकू जात असावी.

"दोन वरसं झाली," ती म्हणाली. "माजी पोरगी परगावी दिलीय, बालंतपनाला आली ती रडत परत गेली. इथं तिच्याशी कोन बोलंना. पाटी मी टाकीन. माजंबी शेत हाय. पन नावानं बोलवा. तोंडानं."

उघाडीच्या फळ्यांवर पाणी जरा थबकल्यासारखं झालं. ओहोटी संपत आली की ते तसं थबकतं. जमलेल्या सगळ्यांना ते कळलं. कोणीतरी म्हणालं, "बुधाजीभाऊ, पानी वळतंय." दुसरा म्हणाला, "बोल ना बाबा, दंड आमी भरू तुजा!" ठराव करणारेच दंड भरायला निघाले होते.

तेवढ्यात गुणाबाई आली. कंबरेत वाकलेली, पदराखाली नारळ. तिनं तो हौसापुढे धरला.

"आई, मी नाय फोडनार," हौसा हळू म्हणाली. "रागावू नका."

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं, मग गावाकडे. मग नारळ बुधाजीच्या हातात कोंबला. "तुजा नारल तू दे. पाटी तिची हाय. आनि बोल आता. तुज्या भावाला मीबी अंगाखांद्यावर खेळवलाय."

बुधाजीचं तोंड वेडंवाकडं झालं. त्यानं नारळ खुंटावर आपटला, पाणी खाडीत सोडलं. आणि मग एवढ्या मोठ्यानं ओरडला, की लांबच्या बांधावरचे बगळे उठले.

"हौसा! टाक पाटी!"

हौसाला रडू आलं. आपल्याला रडू यावं याचा तिला रागही आला. नाव ऐकून माणसाला रडू येतं का? पण तिला आलं. तिनं डोळे मिटले. पाटी तशीच हातात, आणि ती मोठ्यानं बोलू लागली, पडवीत बोलायची तशीच.

"येशू बापा, हा बांध धर. शिवाचं शेत राख, बुधाजीभाऊचं राख, सगळ्यांचं राख. कोनाचं पोर पान्यात जाऊ देऊ नको. कमळाकरभाऊला सोडव. आमेन."

पाणी वळत होतं आणि प्रार्थना ती सावकाश म्हणत होती. तरी कोणी हललं नाही. ज्या प्रार्थनेपायी पोलीस आणले होते, ती अख्खं गाव टोप्या काढून, मान खाली घालून, शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत उभं होतं. मधेच तोडली आणि बांध गेला तर? ती जोखीम घेणार कोण?

तिनं पाटी टाकली. मग एकच गलका झाला. माणसांची साखळी लागली, पाट्या हातोहात पुढे सरकू लागल्या. हौसाच्या डाव्या हाताला तीच बाई होती, जिनं पदर तोंडात कोंबला होता. पाटी देताना दोघींची बोटं लागत. "दम खा," ती पुटपुटली. खांद्यांत कळा येईपर्यंत सगळे राबले. भरती आली, नव्या चिखलाला भिडली, वर चढली आणि टेकून राहिली. बांध राहिला.

दुसऱ्या दिवशी हौसा विहिरीवर गेली. बायकांच्या गप्पा थांबल्या. ती हंडा भरून वळली आणि त्या पुन्हा सुरू झाल्या.

ठरल्या दिवशी ती साक्षीला उभी राहिली. आवाज पुरत नव्हता, म्हणून न्यायाधीशांनी तिला पुढे घेतलं. नीतामॅडमनी विचारलं ते तिनं सरळ सांगितलं. मग समोरचे वकील उठले. त्यांच्या हातात मोबाईल होता.

"बाई, अमावास्येला तुम्ही बांधावर होता?"

"होते."

"गावानं तुम्हाला मानाची पाटी टाकायला दिली?"

"दिली."

"बुधाजी तुमच्याशी बोलले?"

मागच्या बाकावर कमळाकर बसला होता, खांदे आत ओढून. नीतामॅडम टेबलावर पेन दाबून धरून बसल्या होत्या. नाही म्हटलं तर निभावलंही असतं, कारण मोबाईलात पावसाच्या आवाजाशिवाय फारसं काही ऐकू येत नव्हतं. पण ते नाव तिनं भांडून मिळवलं होतं. ते नाकारायला तिची जीभ उचलेना.

"बोलले," ती म्हणाली. "एकदाच बोलले."

"एकदा असो की दहादा. बोलले. बस, साहेब." वकील खुशीत खाली बसले.

बाहेर आल्यावर नीतामॅडम वैतागल्या. "मी तुम्हाला सांगितलं होतं, हौसाबाई! कुठल्याही कार्यात जाऊ नका म्हणून."

"बांध कार्य नाय मॅडम. बांध बांध असतो."

कमळाकर एवढंच म्हणाला, "खोटं बोलली नायस, बरं केलंस." त्याचं तोंड मात्र उतरलं होतं. पुढच्या तारखेपर्यंत हौसाला अन्न गोड लागलं नाही. आपल्या एका शब्दापायी या माणसाला आत जावं लागणार, हे तिला भाताच्या प्रत्येक घासाला आठवायचं. भात मात्र पावसानं धुतलेल्या खारात हिरवागार उभा राहिला होता.

पुढच्या तारखेला बुधाजी उभा राहिला, धुतलेली टोपी घालून. त्याच्या वकिलांनी विचारलं, तुम्हीच हाक मारली ना? त्यानं हो म्हटलं. मग नीतामॅडम उठल्या. या वेळी त्या भराभरा बोलल्या नाहीत.

"हाक मारलीत. कशासाठी?"

"पाटीसाठी."

"हौसाबाई ख्रिस्ती झाल्या, हे तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्या गावाला म्हायती."

"पाटी टाकण्याआधी त्यांनी काय केलं?"

बुधाजीनं आपल्या वकिलांकडे पाहिलं. वकील कागद चाळत होते.

"प्रार्थना केली."

"कोणाचं नाव घेऊन?"

"येशूचं."

"मोठ्यानं? सगळ्यांसमोर? तुम्ही थांबवलंत?"

"नाय."

"तुम्ही सगळे काय करत होतात?"

"उभं होतो."

"पोलिसांना दिलेल्या अर्जात तुम्ही लिहिलंय, यांच्या प्रार्थनेनं गावाला पीडा होते. त्या दिवशी तर ती प्रार्थना गावाच्या बांधावर झाली. काय पीडा झाली, ते कोर्टाला सांगा."

बुधाजी वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघू लागला. न्यायाधीशांनी मान वर केली आणि म्हणाले, "सांगा. शपथ घेतलीय तुम्ही."

बुधाजी शपथेवर खोटं लिहून देऊ शकला होता. लिहिणं वेगळं. पण बांधाबद्दल तोंडानं खोटं बोलायचं, आणि तेही पुढची अमावास्या दोन दिवसांवर असताना, हे त्याच्या जिभेला पेलेना. उघाडीतून ओढून काढलेल्या भावाचे केस त्याला आठवले असावेत. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"बांध र्‍हायला, साहेब."

नीतामॅडम आणखी काही न विचारता बसल्या. न्यायाधीशांनी ते लिहून घ्यायला सांगितलं.

निकाल लागायला अजून पुष्कळ वेळ होता. पण त्या आठवड्यात तेवढ्यापुरता हुकूम झाला, की दावा चालू आहे तोवर पडवीतल्या प्रार्थनेला कोणी आडवं यायचं नाही. कमळाकरची केस उभीच होती, तरी तो रविवारी आला, हौसाच्या कपातून चहा प्यायला आणि बऱ्याच दिवसांनी खांदे मोकळे सोडून बसला. वाळीचं काय, त्याबाबत मात्र गावकीनं ताकास तूर लागू दिली नाही. विहिरीवर गप्पा अजून थांबतच होत्या.

पुढच्या उधाणाला ओली खांड पुन्हा जरा खचली. सकाळी हौसा ओट्यावर तांदूळ निवडत होती. कुंपणाशी कोणीतरी रिकामी पाटी ठेवून गेलं. तिनं पाहिलं आणि पुन्हा सुपात मान घातली. गुणाबाई आतून म्हणाली, "अगो, पाटी आलीय."

"पाटीला तोंड नाय, आई."

कुंपणाबाहेर खाकरल्याचा आवाज झाला. थोड्या वेळानं पुन्हा झाला. हौसा खडे वेचत राहिली. पाणी वळायला अजून अवकाश होता आणि तिला घाई नव्हती.

"हौसा!" बुधाजीची हाक आली. मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "येतंस का?"

तिनं सूप खाली ठेवलं, पदर खोचला आणि म्हणाली, "आले, भाऊ."